सँक्शन

सँक्शन हा शब्द आमच्याकडे नेहमी चांगली बातमी घेऊनच यायचा. रजा सँक्शन होते, लोन सँक्शन होतं, आणि ऐकणारा लगेच पेढे मागतो. मी धामणकर नाक्यावरच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. या क्रियापदाचा 'शिक्षा करणे' असाही अर्थ आहे म्हटलं की मुलं माझ्याकडे संशयाने बघतात. मंजुरी आणि शिक्षा, दोन्हींसाठी एकच शब्द ठेवणाऱ्या भाषेचा मला मनापासून राग आहे, आणि पोटासाठी मी तीच शिकवते.

माझे वडील वळ गावच्या एका गोदामात ट्रकमध्ये माल चढवायचे. त्यांची पाठ कामातून गेली होती. दुखणं सहन न होऊन ते काही वेळा शिफ्ट अर्धी टाकून घरी आले, आणि मग बसून करायचं पॅकिंगचं काम द्या म्हणून सुपरवायझरच्या मागे लागले. एक दिवस मोठ्या साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि सगळं इंग्रजीत सांगितलं. वडिलांना त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "थँक्यू सर."

अंबाडीला घरी आले ते जिलेबी घेऊनच. आईला म्हणाले, "झाला सँक्शन. आता बसून काम हाय."

साहेब नेमकं काय म्हणाले, ते मी खोदून खोदून विचारलं. "यू विल बी सँक्शन," एवढंच त्यांना आठवत होतं. काम सँक्शन होतं, माणूस नाही. मी तसं सांगितलंही.

"तुला सगल्यात खोट दिसते," वडील हसून म्हणाले. "साहेबाचा तोंड मी बघितलाय, तू न्हाय."

त्यांनी जिलेबी माझ्यापुढे सरकवली आणि मी ती खाल्ली. माझंच चुकत असू दे, असं मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचं कार्ड चाललं नाही. शिफ्ट सोडल्याबद्दल त्यांचं काम बंद केलं होतं. कळल्यावर मी क्लास बुडवून तिथे गेले. सुपरवायझरने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वडिलांना म्हणाला, "चाचा, साहब ने पूछा था ना, कुछ कहना है? आप थँक्यू बोल के आ गए. वो बोले, बंदे ने मान लिया."

मी साहेबांना फोन लावला. माझं सगळं इंग्रजी पणाला लावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निर्णय झालाय म्हणून सांगितलं.

परतताना रिक्षात वडील म्हणाले, "तवा मी काय बोलाला पायजे होता?"

मी मनात वाक्यं जुळवत राहिले. त्यांचं काम वाचलं असतं असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

"सॉरी," मी म्हटलं. "सॉरी म्हणायचं होतं, बाबा."

त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला.