अनवाणी ऐकलेली मैफल

देवावर रुसण्याइतकी माझी पात्रता नाही, तरी त्या दुपारी एसटीत बसून मी पांडुरंगाशी मनातल्या मनात कडाकडा भांडत होतो. बोरीचा थांबा मागे पडतो न पडतो तोच कानातल्या मशीनचा सेल संपला होता. निघताना मशीन कानात घालायच्या आधीच बायको काहीतरी विचारत होती आणि मी सवयीनं मान डोलावली होती. दुसरा सेल घेतला का, हेच विचारलं असणार. ऐकू न येणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य मान डोलावण्यात जातं.

चाळीस वर्षं गावच्या भजनात टाळ वाजवला. अलीकडे माझा ठेका चुकायला लागला, मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. म्हणून परभणीला अभंगांची मैफल ऐकायला निघालो होतो. आज कानावर ठेका पडला तर ठीक, नाहीतर टाळ देवळात ठेवून द्यायचा, असं ठरवलं होतं.

सभागृहाच्या दारात चप्पल काढली. अभंग म्हटल्यावर ती आपोआप निघते. आत बघतो तर झाडून सगळे पायताणासकट बसलेले! तेवढ्यात बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता माझ्या पायांकडे बघून काहीतरी बोलला. मी मान डोलावली. तो एकदम माझ्या पाया पडला. खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून त्यानं मला थेट रंगमंचावर नेऊन पखवाजवाल्याच्या मागे स्टुलावर बसवलं. मला लाजेनं कुठं बघावं कळेना.

गायक तोंड उघडत होते, मला शब्दही ऐकू येईना. पांडुरंगाला आणखी चार शब्द सुनावणार, तोच पखवाजावर थाप पडली आणि ती रंगमंचाच्या फळ्यांतून माझ्या उघड्या तळपायांत चढली. मग दुसरी, तिसरी. सगळा ठेका येत होता, अगदी स्वच्छ. मी मांडीवर बोटांनी धरून पाहिला, एकदाही चुकला नाही. मी घळाघळा रडलो. समोरच्या बायकांनी हात जोडले.

निघताना तो कार्यकर्ता माझ्या कानाशी ओरडला, "बाबा, अनवाणी राह्यचा नवस किती दिवसाचा हाय?" तेव्हा उलगडा झाला. खरं सांगावं म्हणून चप्पल दाखवायला गेलो, तर ती कुणीतरी नेलेली. मी पुन्हा मान डोलावली.

घरी नवा सेल बसवला आणि पहिला आवाज बायकोचा आला. "सेल इसरलात, आता चपला बी घालवून आलात? तुमचं लय झालं!"

टाळ अजून माझ्याच हातात आहे. देवळात पखवाज आता लांब फळीवर ठेवतात आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मी तळपाय टेकतो. मी कान मागत होतो, त्याच्या मनात दुसरंच होतं. जन्मभर देवाचे पाय धरले. त्या दिवशी त्यानं माझे धरले.