मोलकरणीची पानं गाळायची नव्हती

निर्मलाबाई पुस्तक उघडण्याआधी पात्रं वाटून द्यायच्या. मंठ्याच्या वाचनालयात त्यांच्या वाचनवर्गाला दुपारी आम्ही आठ-दहा बायका जमायचो. जिचं पात्र पुन्हा आलं तिनं उठून सांगायचं, मागच्यापेक्षा काय बदललं. त्या जुन्या, जाड कादंबरीतली मालकीण शेजारच्या शमीमभाभीला मिळाली, मोलकरीण मला. मी सातवीत शाळा सोडलेली; चौघींत उठून बोलायची सवय नव्हती.

"बाई, हिला बोलणंच न्हाई. चारदा आली अन् निस्ता दिवा ठेवून गेली."

"मंग चारी वेळा मालकीण काय बोलत होती ते बघ की. लेखकानं हिला उगंच आणलं का?"

पाहिलं. मालकीण दरवेळी दयेवर बोलत होती, आणि मोलकरणीची पोर दरवेळी उपाशीच होती.

शमीमभाभी चिडली, "माझी मालकीण किती मीठी बोलती, अन् हिच्यापायी झूठी दिसू राह्यली!"

"बराबर! म्हणून तर दोघी लागतात," बाई खुशीत म्हणाल्या. माझ्यासारखीला पुस्तक वाचता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते उपकार फिटायचे नाहीत.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं तेव्हा वाचनालयाचे अध्यक्ष आले. "बाई, उरका आता. ती मोलकरणीची पानं गाळा, तिच्यावाचून काय अडतं?"

"अडतं! ती गाळली की मालकीण देवी होते. तुम्हाला तेच पाहिजे का?"

पुढच्या आठवड्यात दाराला कुलूप, वर कागद: वाचकांअभावी उपक्रम बंद. कागदासमोर आम्ही सगळ्या उभ्या, आणि वाचक नाहीत! अजून आठवलं की डोकं तापतं. बाई पायरीवर बसल्या. जाणारे-येणारे बघत होते, तरी शेवटचं प्रकरण त्यांनी पुरं वाचलं. त्यात मोलकरीण दिवा न लावताच पोरीला घेऊन निघून जाते.

नंतर मी कामासाठी तिरुपूरला आले. बाई यंदा गेल्या. शोकसभेत अध्यक्ष म्हणे गहिवरून बोलले, "बाईंच्या उपक्रमाला आम्ही कायम जागा दिली." शमीमभाभीनं हे फोनवर सांगितलं.

"भाभी, कुणीच काही बोललं न्हाई?"

"बोलले ना मी. सगळ्यांसमोर म्हणलं, झूठ नका बोलू साहेब, कुलूप तुम्हीच लावलं होतं."

"मंग?"

"मंग काय, मला खाली बसवलं. पण बाईच्या लेकीनं ऐकलं."