हाताने तोडलेले देठ

लेखक म्हणवून घेण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. तेहतीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतरांची पुस्तके नीट लावून ठेवली. त्यांत आपल्या चार पानांची भर घालावी असे कधी वाटले नाही. ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्या आप्पांनी हे पाहिले असते तर "एवढं लांबण कशाला लावता, साहेब?" असे विचारून कागद बाजूला ठेवला असता. तरीही लिहितो आहे, कारण जे तोंडाने बोलायला हवे होते ते मला बोलता आले नाही. हे धाडस वाचकांनी पोटात घालावे.

आप्पा निफाडजवळच्या एका द्राक्षबागेचे मालक. वेली चढवलेल्या तारांच्या मांडवाखाली पन्नास वर्षे वावरल्यामुळे त्यांना मान खाली घालून चालायची सवय जडली होती, आणि मांडव नसला तरी ती सुटत नसे. एसटी स्टँडवर, भर रस्त्यात, माझ्या नाशिकच्या घराच्या उंच दारातूनसुद्धा ते किंचित वाकूनच येत. एकदा मी म्हणालो, "आप्पा, इथे वर काही नाही." तर हसून म्हणाले, "मला माहीत हाये हो. मानेला कोन सांगनार?"

दुसरी सवय पाखरांबाबतची. बागेत कुठे घरटे असले तर ते बोट दाखवून सांगत नसत. घरट्याकडे पाठ करून उभे राहत, हनुवटीने खांद्यावरून मागची दिशा दाखवत आणि हळूच म्हणत, "तिसरी रांग, सातवी वेल. आता बघू नका. चार पावलं गेलं की सहज बघा." बोट दाखवले की पाखराला कळते, अशी त्यांची खात्री होती. ती खरी की खोटी, मला ठाऊक नाही. माझ्या संग्रहातल्या एकाही पक्षिग्रंथात हा नियम नव्हता, एवढे मात्र सांगू शकतो.

त्यांची माझी ओळख कॅमेऱ्यामुळे झाली. निवृत्तीनंतर मी साठ पट झूम असलेला एक डिजिटल कॅमेरा घेतला. भिंग बदलायची कटकट नाही, एकच बटण दाबले की नळी पुढे सरकते आणि समोरच्या टेकडीवरच्या झाडाचे पान हातात आल्यासारखे दिसते. लोकांना वाटले, म्हाताऱ्याला पक्ष्यांचे वेड लागले. खरे कारण निराळे होते. मी जन्माचा भिडस्त माणूस. अनोळखी माणसाजवळ जाऊन दोन शब्द बोलायचे म्हणजे माझ्या तळव्यांना घाम सुटतो. ज्या यंत्रामुळे जवळ न जाताही जवळचे दिसते, ते माझ्यासारख्यासाठीच बनवले आहे असे मला वाटले.

अशाच एका हिवाळी सकाळी मी कालव्याच्या भरावावर उभा राहून खालच्या बागेतला वेडा राघू टिपत होतो. बागेतून आवाज आला, "ओ साहेब! लांबून काय बघता? चोरी करायचीय का बागेची?"

मी घाबरून "नाही, नाही, पक्षी" असे काहीसे पुटपुटलो.

"मग पाय हायेत ना? या की जवळ!"

हे त्यांचे पालुपद. ओळख वाढल्यावर ते कॅमेऱ्याला तोफ म्हणू लागले. "आज तोफ आणली का?" मी गेलो की हातातले काम टाकून ते द्राक्षाचा एखादा मणी खुडून माझ्या हातावर ठेवत. मी छायाचित्र दाखवले की डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "ब्येस हाये. पण याचा वास नाय येत."

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच एवढा वेळ आजूबाजूला फिरत होतो.

मार्चअखेरीस द्राक्षांचा खुडा संपतो आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेलीवरच्या सगळ्या फांद्या बुडख्याशी कापतात. आठवड्यापूर्वी हिरवी असलेली बाग नुसते खुंट आणि तारा होऊन उभी राहते. त्या वर्षी एका वेलीत बुलबुलाच्या जोडीने घरटे केले होते. आप्पांनी त्या वेलीला सुतळीने लाल चिंधी बांधली. "ही एक वेल पंधरा दिवस मागं राहिली म्हणून माझी बाग काय बुडत नाय," ते म्हणाले. छाटणीसाठी दरवर्षी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून टोळी यायची. तिची मुकादम जनाबाई, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिची कात्री इतकी सफाईने चाले की आप्पा तिच्या मागून रांग तपासायलाही जात नसत. दहा वर्षे तीच येत होती.

अंड्यांतून तीन पिल्ले निघाली. त्या रविवारी आप्पा एका नातेवाइकाच्या विधीसाठी त्र्यंबकेश्वरला गेले होते. सोमवारी टोळी यायची होती. मला बागेत जायची मुभा होतीच. सकाळी नऊच्या सुमारास मी बांधावर बसून झूम लावला. मादी चोचीत अळी घेऊन येत होती, तीन लाल तोंडे उघडत होती. पण घरट्यापुढे चार-पाच पाने होती आणि कॅमेरा दर वेळी त्या पानांनाच धरत होता. पानांच्या शिरा स्पष्ट, पिल्ले धुरकट. तासभर असेच चालले. शेवटी मी उठलो. ज्या माणसाने जवळ जावे लागू नये म्हणून कॅमेरा घेतला, तो त्या दिवशी नको तिथे जवळ गेला. इकडे तिकडे पाहिले आणि ती पाने ओढून तोडली. दोन देठांपासून निघाली. तीन अर्ध्यावर फाटली आणि देठ तिथेच लोंबत राहिले.

छायाचित्र अप्रतिम आले. असे छायाचित्र मी त्यापूर्वी काढले नव्हते आणि त्यानंतरही काढलेले नाही. आनंदाच्या भरात घरी परतताना एकदा मनात आले, की ती पाने सावलीसाठी होती. तेवढ्यापुरते मनात आले आणि गेले.

मंगळवारी मी पुन्हा गेलो तेव्हा आप्पा त्या वेलीजवळ उभे होते. भोवतालची सगळी रांग छाटून झाली होती. घरट्यात तीन पिल्ले मरून पडली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. दोन दिवसांचे एप्रिलचे ऊन थेट त्यांच्यावर पडले होते. समोर जनाबाई हातात कात्री घेऊन उभी होती.

"चिंधी बांधली व्हती ना मी?" आप्पांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "या वेलीला हात लावायचा नाय म्हणून सांगितलं व्हतं का नव्हतं?"

"आमी नाय लावला आप्पा. या वेलीकडं कोनी गेलंच नाय."

"मग पानं काय वाऱ्यानं नेली?"

"पानं आधीच नव्हती. आमी आलो तवा नव्हती."

"दहा वर्सं येते तू. चुकलं म्हन की एकदा! खोटं कशाला बोलते?"

जनाबाईने एकदा माझ्याकडे पाहिले. तिला काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या नजरेला मी आजवर एकच अर्थ लावू शकलो आहे, की ती वाट पाहत होती. मी काय केले? कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडली आणि पुन्हा लावली. त्या क्षणी "पाने मी तोडली" एवढे तीन शब्द पुरले असते. ते माझ्या घशापर्यंत आले होते, हे शपथेवर सांगतो. पण शपथ घेण्यासारखे त्यात काहीच नाही.

आप्पांनी त्याच रागात ती वेलही छाटायला लावली. "आता कुनासाठी ठेवायची?" फांद्या पडल्या, देठ पडले, आणि मला, सांगायला शरम वाटते, हायसे वाटले.

पुढच्या वर्षी जनाबाईची टोळी आली नाही. दुसरी आली. आप्पा तिच्या मागे मागे फिरून रांगा तपासत आणि पुटपुटत, "जनाबाईचा हात नाय याला." एकदा मला म्हणाले, "साहेब, पिलं मेली त्याचं एवढं नाय. पन ती खोटं बोलली, ते लागलं मला." मी चहाच्या कपात पाहत राहिलो.

दरम्यान नाशिकच्या आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनात ते छायाचित्र लागले. त्याला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. ही बातमी आप्पांपर्यंत कशी गेली कोण जाणे; त्यांचा फोन आला. "अहो, त्या पिलांचा फोटू हाये म्हनं तुमच्याकडं? मला द्या की एक. तेवढंच राहिलं त्यांचं."

नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते. खरे सांगण्याचेही नव्हते. मोठा छाप काढून, चौकट करवून मी तो घेऊन गेलो. आप्पा ओट्यावर बसले, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि चौकट मांडीवर घेतली. आधी हसले. "ही बघा आई कशी वाकलीय!" मग त्यांचे बोट काचेवरून हळूहळू बाजूला सरकले आणि एका जागी थांबले. त्यांना बोट दाखवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

माझ्या कॅमेऱ्याचे सारे वैभव त्या बोटाखाली होते. घरट्याच्या कडेला तीन अर्धवट देठ, त्यांची सोललेली साल, टोकावर साकळलेला रस, सगळे काही स्पष्ट.

"हे कात्रीचं काम नाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कात्रीचा काप सरळ पडतो. हे हातानं वढलंय." मग त्यांनी विचारले, "कवाचा हो हा फोटू?"

"रविवारचा."

"टोळी सोमवारी आली."

यावर मी काय बोललो तेही लिहून टाकतो. मी म्हणालो, "त्या दिवशी प्रकाश फार चांगला होता, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. सुनेला हाक मारली, "सुनंदा, साहेबांना चहा टाक." चहा आला. मी तो प्यायलो. निघताना ते नेहमीप्रमाणे बांधापर्यंत पोचवायलाही आले.

त्यानंतर दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. शेवटी त्यांचाच फोन आला. "काय साहेब, पाय दुखतात का? या की."

गेलो. चौकट ओट्यावरच्या भिंतीवर टांगलेली होती. मला वाटले, ती अडगळीत गेली असेल. आप्पांनी माझी नजर ओळखली. "राहू दे तिथं. फोटू खोटा नाय." मग खाली बघत म्हणाले, "जनाबाईकडं जाऊन आलो."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस दोन एसट्या बदलून, शेवटचा चढ पायी चढून त्या पाड्यावर गेला होता. "तिच्या दारात उभा राहिलो. म्हनलं, बाई, मी चुकलो. तुला खोटं म्हनलो, खोटा मीच निघालो. तर म्हनती, बसा आधी. नागलीची भाकर केली, वर उडदाचं भुजं, त्यांच्याकडचं कालवण. पोटभर जेवलो." "पानं कोनी तोडली ते तिनं इचारलं."

मी भिंतीवरच्या चौकटीकडे पाठ फिरवली.

"मी नाव नाय घेतलं. माझी माफी मी मागून आलो, साहेब. तुमची मला मागता यायची नाय." आणि मग, अगदी पहिल्या दिवशीच्या आवाजात म्हणाले, "येत्या छाटणीला येनार हाये ती. तवा या. तोफ आणू नका."

मी हो म्हणालो. खरोखर येणार होतो.

फेब्रुवारीत, बाग घडांनी लगडलेली असताना आप्पा गेले. सकाळी रांगेत फिरताना खाली बसले आणि उठले नाहीत. सुनंदाताई सांगत होत्या, की त्यांना उचलून अंगणात आणले तेव्हाही त्यांची मान तशीच पुढे झुकलेली होती.

दहाव्याला गोदाकाठी मी गेलो. जनाबाई आली होती. टोळीतल्या दोन बायका बरोबर होत्या. त्या गर्दीपासून बाजूला, बाभळीच्या सावलीत उभ्या होत्या. माझ्यापासून तिथवर अंतर किती असेल? वीस पावले. त्या दिवशी माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. पाय होते. मी पाच पावले गेलो. तिने माझ्याकडे पाहिले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मी वळलो आणि चपला शोधू लागलो.

काल संध्याकाळी सुनंदाताईंचा फोन आला. "काका, सोमवारी छाटणी सुरू करतोय. जनाबाईची टोळी येतेय. आप्पांनी सांगून ठेवलं होतं, साहेबांना कळवायचं म्हणून. याल ना?"

"येतो," म्हणालो.

तेव्हापासून हा मजकूर लिहीत बसलो आहे. शब्द खोडले, वाक्ये फिरवली, विरामचिन्हे तपासली. एवढे सगळे लिहून झाले, पण त्या बाईसमोर उभे राहून बोलायचे पहिले वाक्य अजून सुचलेले नाही. आप्पा तिला जनाबाई म्हणत. मी तिला आजवर कोणत्याच नावाने हाक मारलेली नाही.

माझ्या जागी तुम्ही असतात, तर सोमवारी तिच्यापुढे जाऊन सुरुवात कशी केली असतीत?