गावाने घर बांधून दिलं म्हणून

रविवारी सकाळी माझ्याकडे चंद्रपुरात वैद्यकीयची काही मुलं इंग्रजी वाचायला येतात, हे तुम्हा दोघा नातवंडांना ठाऊक आहे. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली ही मुलं हुशार असतात, पण ते जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यांच्यातल्याच एका मुलीची ही हकिगत. ती गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गोंड गावातली आहे, दुसऱ्या वर्षाला.

उन्हाळ्यात तिच्या गावात रानटी हत्ती शिरले. साठवलेल्या मोहफुलांच्या वासाने ते मातीची घरं फोडतात. तिचं घर पाडलं आणि भिंत पडून वडिलांचा पाय मोडला. पुढे लगेच विडीच्या तेंदूपानांचा हंगाम आला आणि गेला. वडील खाटेवर, आई त्यांच्यापाशी, पानं तोडणार कोण? शिष्यवृत्ती येते ती वर्ष संपता संपता. तोवर मेस आणि परीक्षेची फी त्या पानांच्याच पैशातून भागायची. यंदा ते पैसे नव्हते. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

अशा मुलांसाठी आमच्या शहरात एक निधी आहे. नाव ‘तातडीची मदत’, बैठक दर तीन महिन्यांनी. निवृत्त डॉक्टर आणि काही व्यापारी समितीत आहेत, आणि मीही. बैठक फीच्या मुदतीच्या आधी येत होती, म्हणून मला हायसं वाटलं. मी तिला घेऊन गेले.

अध्यक्ष स्वतः डॉक्टर, वागायला गोड. त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, संकटात कोणाची मदत मिळाली का? मला वाटलं, ही फीच्या अडचणीचं सांगेल. तिचा चेहरा एकदम उजळला. प्रत्येक घरातून बांबू आले, प्रत्येक घरचा माणूस राबायला आला, बायांनी भिंती लिंपल्या, धान संपलं तेव्हा शेजाऱ्यांनी आपल्या कणगीतलं आणून दिलं, सगळं ती सांगत बसली. अध्यक्षांनी डोळे पुसले. मग म्हणाले, “वा! घर उभं झालं, दाणे आले. मग आता संकट कोणतं राह्यलं?”

फीचं मी सांगितलं. नियम सांगण्यात आला: ज्याला दुसरीकडून मदत मिळाली नाही, त्यालाच निधी. बांबूंनी परीक्षेची फी भरता येत नाही, असंही मी म्हटलं. त्यावर सगळे हसले. शेवटी तिला बाहेर बसायला सांगून अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सुचवलं, की पोरीने एवढंच म्हणावं, कोणी मदत केली नाही. ते लगेच सही करतील.

मी बाहेर येऊन तिला तसं सांगितलं. खोटं बोलायला सांगते आहे हे मला कळत होतं, पण मुदत जवळ आली होती. ती बाकावरून उठलीही नाही.

“आजी, असं कसं म्हनू? गाव राबलं ना माझ्यासाठी. कोनीच नाई आलं म्हटलं तर गावच नाई राह्यलं मले.”

मी चिडले. गाव इथे ऐकायला येणार नाही, म्हटलं. ती म्हणाली, “मी तं ऐकीन ना.”

त्या दिवशी मला नक्की कोणाचा राग आला होता, आजही सांगता येत नाही. तिचाही आला होता. रिक्षात मी तिला म्हटलं, फी मी भरते, संपव हा विषय. तेही तिला नको. एका घराकडून घ्यायचं नाही, म्हणाली. पडलेलं घर सगळ्यांनी मिळून उचलायचं असतं, म्हणजे कोणाचाच भार होत नाही. एकटीने दिलेलं ती घेणार नव्हती, गल्लीने दिलं तर घेणार होती.

मग मी, जिने उभ्या आयुष्यात शेजारी साखरही मागितली नाही, ती गल्लीत दारोदार फिरले. काहींनी दिलं, काहींनी उपदेश दिला. कोपऱ्यावरच्या बाई पैसे हातात ठेवून म्हणाल्या, “समिती कायले हाय मग?” मी पुढच्या दाराकडे वळले. शेवटच्या दिवशी फी भरली गेली. ती परीक्षेला बसली आणि पास झाली.

पुढच्या बैठकीत मी तो नियम काढायचा ठराव मांडला. अध्यक्ष मनापासून हसले. “मॅडम, पण भरल्या गेली ना तिची फी? काम तं झालं.” इतर सदस्यांनी माना डोलावल्या. ठराव बारगळला.

बाहेर मदत मागायला आलेली दुसरी एक मुलगी वाट बघत होती. ती आत येण्याआधीच मी जाहीर केलं, की आज प्रश्न मी विचारणार. तिला विचारलं, मेसचे पैसे भरलेत का? तिने नकारार्थी मान हलवली. मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा विषय तीन महिन्यांनंतरच्या बैठकीवर ढकलला.