गाडीजवळ जमायचं

आमच्या शेजारच्या पोरीनं जन्मल्यापासून एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाय. जे काय केलं ते दुसऱ्यांदाच. पहिली खेप तालमीची. जन्मालासुदा ती एकदा तालीम करून आली. तिच्या आईला कळा आल्या म्हणून मी टमटम काढली, बोईसरचे सगळे खड्डे चुकवत दवाखान्यात नेली, तिथं पोचल्यावर कळा गायब. आठवड्यानं परत तोच कार्यक्रम, आणि या खेपेला पोरगी. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, अजून बोलतात, "भाऊ, पहिल्या खेपेला तुम्ही दवाखाना चुकून भलत्याच गल्लीत नेलं होतं. बरं झालं ती थांबली." म्हणजे बघा, पोरगी पोटात होती तेव्हापासून तिला म्हायती होतं की या ड्रायव्हरच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाय.

तसा यात दोष तिच्या बापाचा. ते लोक साताऱ्याकडचे, बाप इकडं कंपनीत सेफ्टी खात्यात लागला. आमच्या बोईसर-तारापूरला भोंगा ऐकून कोणी पळत नाय. भोंगा झाला की माणूस बोलतो, "मॉकड्रिल असंल," आणि चहाचा कप परत तोंडाला लावतो. कंपनीतले लोक बाहेर येतात, एका हिरव्या बोर्डाखाली जमतात, त्यांची मोजणी होते, मोजणी पुरी झाली की लांब भोंगा होतो आणि सगळे परत कामाला. बापानं हे घरी येऊन सांगितलं आणि पोरीनं ते दुधासारखं पिऊन टाकलं. शाळेत जायच्या आधी शाळेत जायची मॉकड्रिल. दहावीच्या पेपराच्या आदल्या दिवशी जाऊन बाकड्यावर बसून आली, हाकलायला आलेल्या शिपायाला बोलली, "काका, उद्या इथूनच हाकला, म्हणजे मला सवय राहील."

आणि आमच्या चाळीची जमायची जागा कोणती, तर माझी गाडी. टमटम जाऊन इको व्हॅन आली, पण जागा तीच, बदामाच्या झाडाखाली. एका सकाळी बघतो तर मागच्या काचेवर हिरवा कागद, त्यावर चार कोपऱ्यांतून चार बाण मधोमध येतात. मी शाळा बघितली ती दुसरीपर्यंत, तीही बरीचशी बाहेरून. मला वाटलं, पोरीनं माझ्या धंद्याची जाहिरात केली, चारी बाजूंनी पॅसेंजर येतील. नारळ फोडला मी. ती बोलली, "काका, हा असेंब्ली पॉइंट आहे. काहीही झालं तरी सगळ्यांनी गाडीजवळ जमायचं. गाडी इथून हलवायची नाही." मी बोललो, "बाय, गाडी हलली नाय तर मी खाऊ काय?" तर बोलली, "दिवसा हलवा. पण मुक्कामाला इथंच." त्या बदामावरचे कावळे माझ्या गाडीवर काय काय टाकतात ते सांगण्यासारखं नाय. समोर चहाच्या टपरीला चांगली पत्र्याची सावली हाय. पण लावू देईल तर शपथ.

मंग ती पालघरला कॉलेजला गेली, आणि तिला दोन मैत्रिणी भेटल्या. एक सातपाटीची प्राची, कोळ्याची पोरगी, आवाज असा की बंदरातल्या होडीला फोन लावायची गरज नाय. दुसरी सुनीता, जव्हारच्या डोंगरातली, हॉस्टेलात राहणारी, बोलते कमी पण बोलली की समोरच्याचं पाणी होतं. या तिघींच्या सहली माझ्या गाडीतून. एडवणच्या बीचवर जायचं ठरलं तर आदल्या दिवशी तालीम. वाळूत चादर टाकली, रिकामे डबे उघडले, रिकामेच खाल्ले, प्राची बोलली "मीठ कमी हाय गो," डबे बंद करून परत. दुसऱ्या दिवशी खरे डबे घेऊन गेलो. सगळ्या दमलेल्या. सुनीता बोलली, "काल जेवण बरं होतं."

सातपाटीला होडीतून फिरायचं तेव्हा तर माझी पार शोभा झाली. प्राचीच्या आजोबांची होडी रंगवायला वाळूत काढून ठेवलेली. आमची पोरगी बोलली, आधी इथंच बसून सवय करू. मी मधे बसलो. पोरींनी दोन्ही बाजूंनी होडी हलवायला घेतली, "लाट आली, लाट आली!" मला गरगरायला लागलं, आणि मी काठ धरून वाळूवर सगळं सकाळचं पोहं काढलं. मी जन्माचा इथला माणूस, पालघर तालुक्यातला! सुकत टाकलेल्या बोंबलांजवळ बसलेल्या बाया लुगडं तोंडात धरून हसतात. आजोबा शांतपणे बोलले, "आरं, दर्या अजून यायचा हाय." दुसऱ्या दिवशी पोरी खऱ्या होडीतून फिरून आल्या. मी काठावर चपला सांभाळल्या.

बारावी झाली आणि पोरीनं घरात सांगितलं, नाशिकच्या बाजूला एक विद्यापीठ हाय, तिथं शिकायचं, हॉस्टेलात राहायचं. वहिनींनी भाकरी तव्यावरच जाळली. "एकटी? तिथं आजारी पडली तर कोण हाय तुझं? इथलं कॉलेज काय वाईट हाय?" आठवडाभर त्या घरात भांडीच बोलत होती. शेवटी बापानं त्याच्या खात्यातला तोडगा काढला: आधी मॉकड्रिल. तिघींनी भाऊंच्या गाडीतून जायचं, तिथं दिवसभर एकेकटीनं राहून बघायचं. आणि बघून येऊन निकाल सांगायचा मी. वहिनींनी मला दारात गाठलं. "भाऊ, तुम्ही खरं सांगायचं. पोरगी एकटी राहील का न्हाई, एवढंच. तुम्ही न्हाई म्हणला तर विषय बंद." आख्ख्या जन्मात माझं मत कोणी मागितलं नव्हतं. गाडीत हॉर्न वाजवतो तर लोक वळून बघत नाय, आणि हितं एका पोरीचं नशीब माझ्या जिभेवर. खरं सांगतो, माझ्या मनात एकच आलं. नाय बोललो, की पोरगी इथंच. माझ्या घरात दोघंच राहतात, मी आणि कुलूप. माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून माझ्या फालतू जोकला हसणारी हीच एक. त्याचीपण तालीम करून येते की काय देवाला म्हायती.

भल्या पहाटे निघालो. चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड, जव्हारचा घाट, पुढं मोखाडा, त्र्यंबक. विद्यापीठाच्या गेटात शिरलो तर आत गावच्या गाव. गाडी एका झाडाखाली लावली. पोरगी बोलली, "आता चौघांनी चार दिशांना. कोणी कोणाला फोन करायचा नाही. जेवायला गाडीजवळ जमायचं. काका, झाड लक्षात ठेवा." मी बोललो, "बाय, मी ड्रायव्हर हाय. गाडी माझी हाय. मला सांगतेस?"

सगळ्या इमारती एका साच्यातनं काढलेल्या विटांसारख्या. फिरता फिरता एका वर्गात पंखा दिसला. मागच्या बाकावर टेकलो, म्हटलं, जरा वारा घेऊ. शिकलो काय नाय, पण तालीम म्हणून झोपलो. जाग आली तर सगळा वर्ग माझ्याकडं बघतोय आणि सर हात जोडून विचारतायत, "आपला विषय कोणता?" मी उठून बोललो, "पार्किंग."

बाहेर पडलो तर गाडी नाय. झाडं मात्र सगळीकडं, आणि प्रत्येक झाडाखाली पांढरी गाडी. एका इकोला चावी लावून बघितली तर आत बसलेली बाई किंचाळली. फोन करावा तर फोन गाडीत. शेवटी सिक्युरिटीवाल्यानं मला धरलं आणि मैदानावर नेलं, तिथं खेळाच्या स्पर्धा चाललेल्या, माईक होता. आणि आख्ख्या विद्यापीठात माझा पुकारा झाला, "पालघरहून आलेल्या मुलींनी लक्ष द्यावं. आपले काका मैदानात सापडलेले आहेत. घाबरलेले आहेत. त्यांना घेऊन जावं."

तिघी आल्या. प्राची लांबूनच ओरडली, "काका, बक्षीस भेटला काय?" गाडी त्या मैदानाच्या भिंतीमागंच होती. तिघी कधीच्या जमून माझ्या वाटणीची भाकरी खाऊन बसलेल्या. आमच्या पोरीनं तोवर हॉस्टेलचं जेवण चाखलं होतं, तिथल्या रेक्टरबाईंशी गप्पा मारल्या होत्या, आणि आंघोळीच्या लायनीत कोणाची तरी बादली घेऊन उभी राहून, नंबर आल्यावर "तुम्ही जा, मी फक्त बघत होते," बोलून आली होती. तोंडावर भीतीचं नाव नाय. मला वाईट वाटलं. थोडी तरी घाबरली असती तर माझं काम सोपं होतं.

परत येताना घाटात गाडी गरम झाली म्हणून थांबलो. पोरगी सुनीताला बोलली, "तू हॉस्टेलला गेलीस तेव्हा आधी बघायला गेली होतीस का गं?" सुनीता खाली दरीत बघत बोलली, "पहिलीला होते मी. बापसानं आश्रमशाळेत नेली. बोलला, हितं बस, मी बिडी घेऊन येतो. मंग तो दिवाळीला आला."

प्राचीचा आवाजसुदा बसला. आमची पोरगी सुनीताच्या जवळ सरकली. मंग बोलली, "मग तू जमायचीस कुठं?"

"दरवाज्यात," सुनीता बोलली. "संध्याकाळी सगळ्याच पोरी दरवाज्यात जमायच्या."

दोघी मैत्रिणींना सोडून घरी पोचलो तर वहिनी दारातच. "सांगा भाऊ." पोरगी माझ्याकडं बघत नव्हती, गाडीवरचा हिरवा कागद नखानं दाबत बसलेली. नाय बोलायला तोंड उघडलं. जीभ जन्माची आगाऊ, कधी माझं ऐकलंय तिनं? मी बोललो, "वहिनी, एक माणूस हरवला. भोंग्यावर पुकारा करावा लागला. पण ते मी होतो. पोरगी नाय." वहिनी हसल्या, हसता हसता पदर डोळ्याला गेला. मंग मी सुनीताचं सांगितलं. बिडीचं. दरवाज्याचं. वहिनी आत गेल्या. मला वाटलं, झालं, बिघडवलं मी. तर बाहेर आल्या त्या डबा घेऊन. "हे त्या सुनीताला द्या, हॉस्टेलात तिळाची चटणी कुठली आलीय." आणि पोरीला बोलल्या, "कधी जायचं म्हणतीस?"

अर्थात जायच्या आधी जायची तालीम झाली. बॅगा भरल्या, वहिनींनी दही दिलं, चाळीतल्या बाया रडल्या, बाप भिंतीकडं तोंड करून उभा, वहिनी तर अशा रडल्या की चहावाल्यानं टपरी बंद केली. गाडी निघाली, चिल्हार फाट्यापर्यंत गेलो, आमी दोघांनी वडापाव खाल्ला आणि परत. रात्री पोरगी घरी जेवायला. मंग खऱ्या दिवशी रडायला कोणाकडं शिल्लकच नाय. वहिनी बोलल्या, "जा, नीट जा," आणि कपडे वाळत घालायला लागल्या. तालमीच्या दिवशी मला हसू आलं होतं, तेवढा एक मी रडायचा राहिलेलो. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हॉस्टेलच्या दारात बॅगा उतरवल्या. ती बोलली, "काका, गाडी बदामाखालीच लावत जा. टपरीच्या सावलीला नेऊ नका. मी विचारणार आहे आईला." मी बोललो, "कावळे काय करतात बघायला ये मंग." हसली. खरं हसली. मी एकटा परत निघालो. चिल्हार फाट्यावर गाडी आपोआप थांबली. तालमीत आमी इथूनच तर परत फिरलो होतो. मी सवयीनं दोन वडापाव घेतले, आणि पुढच्या सीटवर एक ठेवून बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसलो. वड्यात मिर्ची फार होती, डोळ्यांतून पाणी आलं, असं मी चाळीत सांगतो.

परवा दुपारी कंपनीचा भोंगा झाला. इतकी वर्षं ऐकतोय, कधी उठलो नाय. कूस बदलायचो. परवा काय झालं कोण जाणे, उठून गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. बघतो तर वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन घराबाहेर. त्यापण आल्या, माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. वरून कावळ्यानं आपलं काम केलं. वहिनींनी हिरव्या कागदाचा सुटलेला कोपरा पिठाच्या बोटानं दाबून बसवला.

तेवढ्यात लांब भोंगा झाला. म्हणजे मोजणी पुरी, सगळे हजर, चला कामाला. वहिनी बोलल्या, "एक माणूस कमी हाय आणि भोंगा कसा वाजवला ह्यांनी?"

मी बोललो, "पोरीला कळू देऊ नका. बापाची नोकरी घालवंल."