सुमनची वेणी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. गावी आलो की तुम्ही म्हणता, "अण्णा, बहिणीला सांभाळावं तर तुमच्यासारखं," आणि मी चहा पीत ते ऐकून घेतो. आता सत्तरी उलटली. खरं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

सुमनला न्यायला आलो तो दिवस तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. एसटी सुटायच्या आधी आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "तिची वेणी चुकू देऊ नको, बाबा. तिचा दिवस त्याच्यावर हाय." मी मान हलवली. मला वाटलं, म्हातारीचे लाड.

सुमन माझी धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी. विशी गाठेपर्यंत डोळ्यांतला उजेडही गेला. आमच्या एका आत्याचंही असंच झालं होतं. घराण्यातच होतं ते. आईने तिच्यासाठी हाताची भाषा केली होती. अंगठा दाबला की पाणी, मनगटाला विळखा घातला की भाऊ आला. उजाडलं की आई तिची वेणी घालायची, निजायच्या वेळी सोडायची. तेवढ्यावर सुमन सगळ्या गावाबरोबर उठायची, गावाबरोबर झोपायची. पुढे आईचे हात कापायला लागले, म्हणून मी तिला शहरात, रहाटणीला आणलं.

इथे दोन खोल्या. मी चाकणला कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. बायको निघोज्याला पॅकिंगला, पहाटेच तिची बस. पहिला महिना तिने वेणी घातली, कधी पहाटे, कधी कामावरून आल्यावर. मग एका रविवारी म्हणाली, "बहीण तुमची आहे, तुम्ही घाला की. का कंपनीवाल्यांच्या हाताला मुंग्या येतात?"

मी सुमनला खाली पार्लरमध्ये नेलं. कात्री लागताच तिने वेणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

त्यानंतर तिची झोप विस्कटली. भर दुपारी गाढ झोपायची आणि सगळे झोपले की भांडी काढून घासायला बसायची. खालचे गॅरेजवाले मुजावरभाई जिन्यात हसून विचारायचे, "काका, तुमच्याकडे थर्ड शिफ्ट कोण करतं?" पुढे त्यांचं हसणं थांबलं आणि सोसायटीचं पत्र आलं. मी ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणल्या. एकीने भागेना, म्हणून दोन दिल्या. त्या गुंगीत ती दुपारी बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला.

दवाखान्यात एक बाई आल्या, आंधळ्या-बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या. म्हणाल्या, "ज्यांना उजेड नाही, आवाज नाही, त्यांचा दिवस कुणीतरी हाताने लावून द्यावा लागतो. आधी यांना सकाळ झालेली कशी कळायची?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "काही कल्पना नाही, मॅडम." बायको माझ्याकडे बघत राहिली.

आईला फोनवर सांगितलं, पाय घसरला. तिने एवढंच विचारलं, "वेणी घालतोस ना?"

"रोज," मी म्हणालो.

चार महिने सुमन अंथरुणात होती, दिवसेंदिवस खंगत चालली होती. केस थोडे वाढले होते. एका सकाळी मी तिच्या मानेवर बोटभर वेणी घातली, आयुष्यात पहिल्यांदा. तिने हात मागे नेऊन ती चाचपली आणि उठून बसायला धडपडू लागली. सकाळ झाली होती ना. मोडलेला पाय ओढत ती पलंगाच्या कडेला सरकली. ती पडेल म्हणून मी घाबरलो आणि घाईघाईने वेणी सोडून टाकली. ती पुन्हा आडवी झाली. त्याच आठवड्यात गेली.

पुढे वर्षभरात आईही गेली. रहाटणीच्या त्या दोन खोल्या आता माझ्या नावावर आहेत, पण त्यांना घर म्हणताना जीभ अडते. सुमनचं घर आईच्या दोन हातांत होतं. ते मी पार्लरच्या फरशीवर टाकून आलो.

शेवटच्या दिवसांत मी तिचा हात हातात घेऊन बसायचो. माझं चुकलं, हे तिच्या तळहातावर कसं सांगायचं, मला येत नव्हतं. आईला फोन करून विचारता आलं असतं. पण तिने विचारलं असतं, "का रे, काय केलंस?"