कॅमेऱ्यासाठी खेळलेली फायनल

"आट्यापाट्याचा सामना डोळ्यांनी बघितलाय असा माणूस दाखवा, त्याला मी चहा पाजतो." नव्वदच्या दशकात मी हे पेणच्या बाजारात येईल-जाईल त्याला ऐकवायचो, आणि चहाला माझा फारसा खर्च कधी झाला नाही. नाव सगळ्यांना ठाऊक. खेळ कुणी बघितलेला नाही.

मी शाळेत पीटीचा मास्तर. तोंडाचा फाटका, आणि या खेळापायी अर्धा वेडा. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखायच्या आणि त्यांना मधोमध छेदणारी एक लांब उभी पाटी. एका संघानं पाट्या अडवायच्या, दुसऱ्यानं हुलकावण्या देत पलीकडं जायचं आणि परत यायचं. अडवणाऱ्यांत फक्त पहिल्या पाटीवरच्या गड्याला उभ्या पाटीवरून धावायची मुभा, त्याला मृदंग म्हणतात. खाडीकाठच्या गावांत हा खेळ लोकांच्या अंगात होता, कारण मिठागरातल्या अरुंद बांधांवरून पळतच तिथली पोरं मोठी होतात.

माझ्या डोक्यात एक किडा शिरला होता. सामन्याचं व्हिडिओ शूटिंग करायचं, कॅसेट मुंबईला टीव्हीवाल्यांकडं पाठवायची, मग बघू कोण या खेळाला हसतं ते. पण शूटिंगला पैसे कोण देणार? कबड्डीला पुढारी धावत येतात. आट्यापाट्या म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे लंगडीसारखं काय?" असा संताप यायचा!

शेवटी पेणच्या एका गणपती कारखान्याच्या शेठनं हो म्हटलं. त्यांचे वडील तरुणपणी हा खेळ खेळलेले. त्यांच्या स्मरणार्थ शूटिंगचा सगळा खर्च शेठ करणार होते. अट एकच. "मास्तर, मैदानावर बाबांच्या नावाचा बॅनर पाहिजे, आणि फायनल पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसली पाहिजे. अर्धीमुर्धी दिसली तर मला तोंड दाखवू नका."

स्पर्धा रोह्याला होती. आमच्या संघाचा मृदंग वडखळकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, काटक, सदा हसरा. आई मिठागरावर कामाला, वडील लहानपणीच गेलेले. तो कंपनीत लागला होता. त्या दिवशी त्यानं बदली माणसाला सहापर्यंत थांबायची गळ घातली होती. सकाळीच मला म्हणाला, "सर, सव्वाचारची गाडी मला पकडायलाच लागंल. आयेलाबी तसंच सांगून आलोय." मी म्हटलं, "अरे, तीनला फायनल संपते, तू काळजी कशाला करतोस?"

तीनला फायनल संपली, अगदी माझ्या शब्दाप्रमाणं. आणि काय झाली! रोहेकरांचे चार गडी त्यानं एकट्यानं रोखले. माझं लक्ष मात्र अर्धं मैदानावर आणि अर्धं रस्त्यावर, कारण कॅमेरावाल्याचा पत्ताच नव्हता. तो लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. सकाळचं एक लग्न उरकून येतो म्हणाला होता. तिकडं नवरदेवाची गाडी बंद पडली आणि मुहूर्त टळला. तो पावणेचारला उगवला, खांद्यावर कॅमेरा आणि शर्टावर अक्षता.

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग डोकं थंड झालं. शेठना काय सांगू? आज तोंडघशी पडलो, तर पुन्हा या खेळाला पेणमध्ये कोण दमडी देणार?

आणि मला ती अक्कल सुचली. दोन्ही संघांना बोलावलं आणि म्हटलं, "पोरांनो, फायनल परत खेळायची. निकाल लागला तो लागला. ही नुसती कॅमेऱ्यासाठी."

रोहेकर हसले आणि तयार झाले. आमचा मृदंग माझ्याजवळ आला. "सर, गाडी..." एवढंच म्हणाला. माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजवर बायकोलाही शब्दाला शब्द सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "तुझ्याशिवाय काय दाखवू, माझं डोंबल? एवढ्या वर्षांत एक गोष्ट मागितली तुझ्याकडं."

तो थांबला.

सामना संपताच ढालीसाठी न थांबता तो पळाला. एकानं त्याला मोटारसायकलवरून कोलाडच्या नाक्यावर सोडलं. हायवेला ट्रक मिळाला. तो ट्रक वडखळच्या अलीकडं उलटला.

दुसऱ्या दिवशी मी ढाल घेऊन त्याच्या घरी गेलो. आईनं विचारलं, "मास्तर, त्याची गाडी कशी चुकली?" मी म्हटलं, "मावशी, बक्षीस समारंभ लांबला. पाहुण्यांची भाषणं." किती पटकन निघालं तोंडातून! ढाल तिच्या मांडीवर होती आणि ती ढालीवर हात फिरवत होती.

नंतर तिचे निरोप यायला लागले. तिला कॅसेट बघायची होती. घरात मुलाचा एकच फोटो, तोही कंपनीच्या ओळखपत्रासाठी काढलेला, त्यात तो हसत नव्हता. मी आज-उद्या करत राहिलो. मिक्सिंग चालू आहे, कॅसेट शेठकडं आहे, शेठ गावाला गेलेत. कारण त्या कॅसेटमध्ये माझा आवाज होता. "अरे, परत घ्या ते! कॅमेऱ्याकडं तोंड करून!" असा मी सामनाभर ओरडत होतो. शेवटी मीच मिक्सिंगवाल्याकडं जाऊन बसलो आणि सगळ्या आवाजावर सनईची धून चढवून घेतली. लग्नाचीच धून, त्याच्याकडं दुसरी नव्हती. टीव्हीवाल्यांना ती कॅसेट मी पाठवली नाही. शेठना मात्र दिली. ते खूश झाले.

सहा-सात महिन्यांनी ती स्वतःच एसटीनं पेणला आली आणि थेट शाळेच्या फाटकात उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पिशवीत घरचं मीठ. "मास्तर, आज दाखवा," म्हणाली. आता पळायला वाट नव्हती. शेठच्या कारखान्यात टीव्ही आणि व्हीसीआर होता, तिथं नेलं. दुपारची वेळ, कारागीर जेवायला गेलेले. चहूकडं न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती. ती खाली जमिनीवर बसली. मी मनात म्हणत होतो, सनई आहे, काही कळायचं नाही.

कॅसेट सुरू झाली. तो मैदानात आला. शड्डू ठोकला, कॅमेऱ्याकडं बघून हसला. तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. रोहेकरांचा एक गडी त्याच्या हाताखालून निसटला. खऱ्या फायनलमध्ये त्यानं त्याला जागचा हलू दिला नव्हता. इथं मुद्दाम सोडला आणि त्याच्या पाठीत थाप मारून हसला. सनई वाजतच होती. त्या सनईची मला इतकी शिसारी आली की अजून कुणाच्या लग्नाला गेलो तर मी मांडवाबाहेर उभा राहतो.

मधेच ती म्हणाली, "गाडी गेली."

मला वाटलं, बाहेर एसटी गेली असेल. म्हटलं, "मावशी, परतीच्या गाडीला अजून वेळ आहे."

"माझी नाय. त्याची."

तिनं बोट दाखवलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पांढरे आकडे. कॅमेऱ्याचं घड्याळ! चार वाजून पंधरा मिनिटं. आणि त्या आकड्यांच्या वर तो कमरेवर हात ठेवून उभा होता, दमलेला, हसत. मी ती कॅसेट चार वेळा बघितली होती. बॅनर दिसतो का ते बघितलं, आवाज दबला का ते बघितलं. कोपऱ्याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. आणि गेलं असतं तरी तिला वाचता येत नाही, हे मी धरूनच चाललो होतो. अडाणी मीच.

"अक्षर येत नाय मला," ती म्हणाली. "आकडा कळतो. मिठाच्या गोणींवर आकडे मीच टाकते."

चार वीस झाले. चार पंचवीस. ती एकेक मिनिट बघत होती आणि मला उठून टीव्ही बंद करायचं धाडस होत नव्हतं. चार एकतीसला सामना संपला. तो पायांत चपला अडकवत धावला, पडद्याच्या कडेला गेला आणि गेलाच. मग बक्षीस समारंभ लागला. त्यात तो कुठंच नव्हता.

मी तिचे पाय धरायला वाकलो. "मावशी, मी खोटं बोललो. मीच त्याला थांबवला. माझ्यामुळं..."

"ठाव हाय," ती म्हणाली. "पोरांनी तिसऱ्याच दिशी सांगितला. मी बोलले, सांगंल मास्तर कवातरी."

"मग आज..."

"मला बगायचा व्हता, तो रडतखडत थांबला का हसत. हसत व्हता." आणि मग ती रडली. मी तिथंच उभा राहिलो, हात कुठं ठेवावेत ते कळेना. पांढऱ्या मूर्तींना अजून डोळे नव्हते, एवढंच बरं वाटलं.

जाताना तिनं कमरेची पिशवी सोडली आणि घामानं मऊ झालेल्या नोटांची गुंडाळी माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हणत मागं सरकलो, तशी ती पहिल्यांदा चिडली.

"धरा! पुडल्या सालच्या फोटूवाल्याचं हाय. शेठला सांगा, आमीबी घालतो. आन् त्याला आदल्या दिशी बोलवा. माज्या घरी जेवंल, माज्या घरी झोपंल. सकाळी मी उठवून धाडीन."

शेठनी ते पैसे घेतले आणि वर आपले घातले. पुढं स्पर्धा सुरू होती तोवर दर वर्षी कॅमेरावाला आदल्या संध्याकाळी तिच्या घरी उतरायचा. ती त्याला भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण वाढायची, पहाटे उठवायची, आणि पहिल्या एसटीत बसवल्याशिवाय मागं फिरायची नाही. स्वतः मैदानावर ती कधीच आली नाही. मला ती आधीसारखीच मास्तर म्हणायची, भेटली की मीठ द्यायची, आणि ते मीठ मला घशाखाली उतरवावं लागायचं.

त्यानंतर आमच्या एकाही सामन्याला कॅमेरा उशिरा आला नाही.